लोसेच्या भुवया

सन्माननीय अध्यक्ष, आपले गावप्रमुख सेमिसी, व्यासपीठावरचे आदरणीय पाद्रीबाबा, आणि चटयांवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या नेइआफूकरांनो,

मी वीका, लोसेची आई. दिव्यांग केंद्रातल्या आपल्या सेइनीला निरोप द्यायचं काम मला दिलंत. माझ्यापेक्षा बरं बोलणारं गावात कुणी मिळालं नाही का हो?

माझ्या लोसेला हातपाय आवरत नाहीत, बोलता येत नाही, नवं काही शिकायलाही फार वेळ लागतो. परदेशातून आलेल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "समजतंय? मान हलव." मान हलली नाही. "बाई, हिला काहीच कळत नाही," म्हणाले. सेइनी मागून ओरडली, "अहो, मघापासून हो हो म्हणतेय ती! भुवया बघा की!" आपण टोंगाची माणसं सगळीच भुवया उचलून हो म्हणतो; त्यांना वाटलं, पोरीला झटके येतायत. हसताय काय? मी त्या दिवशी रडत होते.

मग सेइनीने आपला जुना फोन वल्ह्याच्या तुकड्याला बांधून खुर्चीला लावला. चित्रं सरकतात, हव्या त्या चित्राला लोसे भुवया उचलते, फोनचा कॅमेरा ते टिपतो आणि फोन बोलतो. त्याला आपली टोंगन भाषा कुठली यायला? म्हणून शब्द सगळे सेइनीच्याच आवाजातले. पहिला शब्द काय निघाला? "दात." पोरगी जेवताना रडायची आणि आम्ही पोटाची औषधं पाजत होतो!

आता सेइनी नवऱ्याकडे ऑकलंडला चालली. फोन अडला की तो तिच्याशिवाय कुणालाच सुरू करता येत नाही. मागे अडला, तेव्हा लोसे दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मी नुसती विचारत राहिले. सेइनी, तू गेल्यावर हा बंद पडला तर माझी पोर पुन्हा मुकी होईल गं. मला भीती वाटते. अध्यक्षमहाराज, समारंभात असं बोलू नये, ठाऊक आहे मला.

लोसे, तूच सांग बाळा. सेइनीमावशीला काय सांगू? जरा शांत बसा रे, चित्रं सरकू देत. हे बघ, "थांब" आलं. उचल ना भुवया. उचल, लोसे! गेलं ते चित्र.

ऐकलंत? "जा" म्हणाली. सेइनी, तुझ्याच आवाजात सांगितलं तिने तुला.

गावप्रमुखांचे, पाद्रीबाबांचे, पहाटेपासून डुकरं भाजणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. लोसेने निरोप दिलाय. माझ्याच्याने तो दिला जात नाही.