वार्षिक सभासद: एक

(बॅडमिंटन क्लबचं ऑफिस. छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली बादली.)

चिटणीस: काका, बादली राहू द्या हो. महिनाअखेर छप्पर झालं नाही, तर हॉलला कुलूप लागणार. नोटीस वाचलीत ना?

खजिनदार: वाचली. दोनदा.

चिटणीस: मग उद्याच्या सभेत वर्गणी मागू या.

खजिनदार: कुणाकडे? सगळे आजीव सभासद. हेच छप्पर घालायला पैसे नव्हते, म्हणून वीस वर्षांपूर्वी एकरकमी घेऊन सगळ्यांना आजीव केलं. पावतीवर मीच लिहिलंय, ‘पुन्हा काही मागणार नाही.’

चिटणीस: धन्य. गोठा बांधायला गायच विकलीत की.

खजिनदार: सूचना तुझ्या वडिलांची. टाळ्या पडल्या होत्या.

चिटणीस: हो, मलाही आजीव करून टाकलं. नऊ वर्षांची होते, रॅकेट उचलत नव्हती. मग इतकी वर्षं वीजबिल कशातून भरलंत?

खजिनदार: शाळांच्या स्पर्धा, ठेवीचं व्याज. मग ठेवच मोडली. ती मागच्या वर्षी संपली.

चिटणीस: सांगायचं तरी.

खजिनदार: दर वर्षी अहवालात वाचतो. तेव्हा सगळ्यांचं लक्ष चहा आला का, याकडे.

चिटणीस: बरं, या अहवालात हे काय? ‘आजीव अडुसष्ट’, आणि खाली दर वर्षी ‘वार्षिक सभासद: एक’. हा कोण शहाणा?

खजिनदार: पुढचं पान बघ.

चिटणीस: विषय बदलू नका. इथे वार्षिक वर्गणीच्या पावत्या तुमच्याच नावावर आहेत. तेव्हा एकरकमी भरायला पैसे नव्हते?

खजिनदार: होते. पण वार्षिक एकही उरला नाही, तर नियमाप्रमाणे तो वर्गच रद्द होतो. मग पुन्हा कुणाला भरावंसं वाटलं, तर भरणार कशात?

चिटणीस: आणि हे वीस वर्षं पोटात ठेवलंत.

खजिनदार: कुणी विचारलं नाही.

चिटणीस: माझी वार्षिक पावती फाडा.

खजिनदार: आजीवाकडून घेता येत नाही.

चिटणीस: डोकं फिरवू नका हो, काका. मग आजीवपणाचा राजीनामा देते.

खजिनदार: त्याला लेखी अर्ज लागतो.

चिटणीस: द्या कागद. ...ही घ्या सही. आता उद्या बाकीच्यांकडे मागू द्याल?

खजिनदार: मागायचं नाही. शब्द दिलाय. दारापाशी टेबलावर कोरे कागद ठेव. वर तुझा अर्ज ठेव, दिसेल असा.

चिटणीस: किती ठेवू? अडुसष्ट?

खजिनदार: सदुसष्ट.