निखिल का आला नाही

मंडळी, सोसायटीच्या या हॉलमध्ये मी दिलीपबरोबर कॅरम खेळलोय, भांडलोय. त्याच हॉलमध्ये त्याच्या फोटोला हार घालून बोलायचं म्हणजे जीभ उचलत नाही. पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच बोला." म्हणून उभा राहिलो.

ओळखत नसाल तर सांगतो. मी सावंत, मुलुंडला राहतो. सुभेदार दिलीप राणे सैन्यात रडारवर होता आणि त्या रडारची गाडी मी चालवायचो. एका जागी रोवलेलं रडार नव्हे हां, ट्रकवर बसवलेलं. शत्रूचं विमान येतंय हे त्याने आधी हेरायचं आणि कुठून येतंय ते तोफवाल्यांना कळवायचं. ते नसलं तर तोफा आंधळ्या. आणि चालू केलं की शत्रूलाही आपला पत्ता लागतो. म्हणून काम झालं की बंद करा, गुंडाळा, जागा बदला. दिलीप स्क्रीनसमोर बसला की मी बाहेरून विचारायचो, "काय रे, चहा घेतोस?" आतून मालवणीत उत्तर यायचं, "गप रव, माका बघूक दी." तासन् तास एवढंच संभाषण.

या घाटकोपरात दिवसभर डोक्यावरून विमानं उतरतात. पाहुण्यांची पोरं गच्चीत नाचायची, हा मान वर करायचा नाही. म्हणायचा, "सावंत, डोळ्यांना दिसलं म्हणजे आपल्याला उशीर झाला." असा विचित्र माणूस. मला फार आवडायचा तो.

आता दुसरं बोलतो. कोणाला राग यायचा तर येऊ दे.

परवा स्मशानात सायलीने बापाला अग्नी दिला. आणि मागे कुजबुज काय चालली होती? "एकुलता एक मुलगा, बाप गेला तरी आला नाही. आजकालची मुलं." मी नाव घेणार नाही. वहिनींनीही ते ऐकलं. नवरा गेल्याचं दुःख काय कमी होतं, की हेही त्यांना ऐकवायचं?

निखिल बापाचंच काम करतो. सीमेवर सध्या वातावरण तापलंय, सगळ्यांच्या रजा रद्द आहेत. तरी त्याच्या साहेबांनी सांगितलं, "तू जा." हो, रजा मिळाली होती. तोच निघाला नाही. कारण त्याच्या जागी येणारा माणूस अजून वाटेत आहे. जोडीला एक जण आहे, पण तो एकटा किती वेळ डोळे ताणून बसणार?

रडारवर नुसती विमानं दिसत नाहीत, मंडळी. डोंगर दिसतो, पाखरांचा थवा दिसतो, काय वाट्टेल ते दिसतं. कुठला ठिपका कशाचा, हे त्या जागेवर काही दिवस बसलेल्यालाच कळतं. म्हणून आमच्यात रीत होती. नव्या माणसाला शेजारी बसवायचं, सगळं दाखवायचं, तो "कळलं" म्हणाला की मगच खुर्ची सोडायची. दिलीप ताप अंगात घेऊन बसलेला मी पाहिलाय, पण रीत मोडली नाही. पोराला ती त्यानेच शिकवली. मग पोराने ती बापासाठी मोडायची का? मोडली असती तरी मी त्याला दोष दिला नसता. नाही मोडली, तर तुम्ही कशाला देता?

काल त्याचा फोन आला. रडला. मी रडू दिलं. मग म्हणाला, "काका, मी चुकतोय का?"

मी म्हटलं, "नाही रे."

"आईजवळ कोण आहे?"

मी म्हटलं, "अख्खी सोसायटी आहे. तू तिकडे बघ, इथली काळजी करू नकोस."

तर मंडळी, तुम्हाला न विचारता मी तुमच्या वतीने शब्द देऊन बसलोय. आता दिलीपसाठी आपण शांत उभे राहू या. आणि मग लगेच घरी पळू नका. थोडा वेळ वहिनींजवळ बसा. त्या पोरापुढे मला खोटं पाडू नका.