थोंगबायचा नवस

सुथिन : काकू, पुरे झाला हट्ट. सायकल गाडीत मागे टाकतो, तुम्ही पुढे बसा. फक्त त्या वरच्या वळणापर्यंत. तिथे उतरा आणि थाटात चालवत बेतोंग गावात शिरा, लोक स्वागताला उभे आहेत. कुणाच्या बापाला कळणार नाही.

लामदुआन : मला कळेल ना.

सुथिन : तुम्हाला कळलं म्हणून काय बिघडलं? तुम्ही काय गावभर सांगत फिरणार आहात?

लामदुआन : आधी या बाईंना गुडघ्याला तेल लावू दे. तू चहा पी. गोडमिट्ट केलाय, तुझ्या कडू जिभेला बरा आहे.

रोकिया : हलू नका हो ताई. अगं बाई, हा गुडघा आहे की भोपळा! कुठे आपटलात एवढ्या?

सुथिन : पत्तलुंगच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं, मावशी. कुत्र्याला वाचवलं आणि स्वतः रस्त्यावर आडव्या. मी धावत गेलो, तर पहिला प्रश्न काय? ‘सायकलला काही झालं नाही ना?’ काल वाटेत याला नावाच्या शहरात डॉक्टरने तोंडावर सांगितलं, हे डोंगर चढलात तर गुडघा कायमचा जाईल.

लामदुआन : सगळे डोंगर झाले की. एवढा एकच चढ राहिलाय.

सुथिन : तोच तर सगळ्यात उभा आहे!

रोकिया : ते खरं हो, ताई. माझ्या दुकानापासून वर जाताना भल्याभल्यांचे ट्रक रडतात. आलात कुठून पण तुम्ही?

लामदुआन : माएसायहून.

रोकिया : माएसाय? ते वरचं टोक? बर्माच्या पुलाजवळचं? चेष्टा करता होय गरिबाची!

सुथिन : चेष्टा नाही, मावशी. देशाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत. भातखाचरं झाली, बँकॉकची गर्दी झाली, समुद्र झाला, आता तुमची ही रबराची झाडं. मी मागून पिकअप चालवतोय. ती पाटी बघा ना गाडीवरची.

रोकिया : वाचायचा चष्मा घरी राहिला. तुम्हीच वाचा.

सुथिन : ‘आमच्या हॉस्पिटलला डायलिसिसचं मशीन हवं. लामदुआन काकू सायकलने बेतोंगला निघाल्यात. हातभार लावा.’ आमच्या नर्सबाईंनी लिहिलीय. काकू एकट्याच गुपचूप निघणार होत्या, तर नर्सबाई म्हणाल्या, जाताच आहात तर चार लोकांचं भलं करत जा. आमच्याकडच्या पेशंटांना डायलिसिससाठी कोंबडं आरवायच्या आत उठून दुसऱ्या गावी जावं लागतं, मावशी. येताना निम्मे गाडीतच ओकतात.

रोकिया : मग? मिळालं का मशीन?

सुथिन : मिळालं! लोकांनी चालत्या सायकलवर नोटा खोचल्या हो. एका शाळेने पोरांचा खाऊ दिला, एका म्हातारीने तर कानातलं काढून दिलं. परवा डॉक्टरांचा फोन आला, मशीन नक्की झालं म्हणून. म्हणूनच तर म्हणतो ना! ज्याच्यासाठी निघालो ते झालं. आता या शेवटच्या चढासाठी पाय कशाला मोडून घ्यायचा?

लामदुआन : मशीन लोकांनी दिलं. माझं अजून व्हायचंय.

रोकिया : तुमचं काय, ताई?

सुथिन : नवस! दुसरं काय? आणि तोही स्वतःचा नाही, नवऱ्याचा. थोंगबायकाकांनी हॉस्पिटलच्या खिडकीतून आभाळाकडे हात जोडून नवस बोलला होता. सायकलने माएसायहून बेतोंगला जाईन म्हणून. सायकलवेडा माणूस. शाळेची बस चालवायचे आणि सुट्टी झाली की सायकल.

रोकिया : मग ते कुठायत?

सुथिन : गेले. दोन वर्षं झाली.

रोकिया : अरे देवा.

सुथिन : आणि या बाईला सायकल येत नव्हती, मावशी! छप्पन्न वर्षांची होईपर्यंत सायकलला हात लावलेला नाही. काकांचे शंभराव्या दिवसाचे विधी आटोपले आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सायकल घेऊन देवळाच्या पटांगणात हजर. भिक्खू हातातला झाडू थांबवून बघत राहायचे. पडायची, उठायची, कपडे झटकायची. कुत्री मागे लागायची. गावातली पोरं हसायची, मीही हसलोय. आणि आता बघा! वाटेत चांगली दणकट माणसं आमच्याबरोबर निघायची, अर्ध्या दिवसात दमून परत फिरायची. ही बाई पुढे. मी मागे बसून बघतो आणि मनात म्हणतो, ही हाडामांसाची आहे की कशाची!

लामदुआन : मग आता का अडवतोस?

सुथिन : कारण या नवसात काही राम नाही! मावशी, तुम्ही सांगा. देव पावला तर नवस फेडायचा. पावलाच नाही तर कसलं फेडणं? काकांच्या किडन्या गेल्या त्या गेल्या. देवाने दिलं काय? काही नाही. मग ही बाई कुणाचं देणं फेडतेय गुडघा मोडून?

रोकिया : आमच्यात बोलला तर फेडावाच लागतो, दादा. पण हो, मागितलेलं मिळालं असेल तरच.

सुथिन : हेच म्हणतो ना मी! मी काकांच्या शेजारच्याच खाटेवर होतो. मला लेप्टो झालेला, भाताच्या चिखलातून. लघवी बंद, अंग सुजलेलं, डोळे पिवळेधमक. माझ्या आईने देवीला उकडलेली अंडी बोलली, टोपली भरून. मी बरा झालो, आईने अंडी वाहिली, हिशेब मिटला. याला म्हणतात नवस. काकांना मात्र देवाने नुसतं टोलवलं. म्हणून मला राग येतो. माणूस किती चांगला! स्वतः मरणाच्या दारात, आणि मला म्हणायचे, ‘तू घोरतोस तेव्हा बसचं इंजिन बंद पडतंय असं वाटतं, जरा हळू घोर.’

लामदुआन : सुथिन.

सुथिन : नाही, आज बोलू द्या. तुम्ही एवढं केलंत, देव समजून घेईल. नाही घेतलं तर तो कसला देव? चला, सायकल द्या.

लामदुआन : सायकलला हात लावू नकोस. देव पावला होता.

सुथिन : कुठे पावला? काका गेले!

लामदुआन : थोंगबायने स्वतःसाठी कधी मागितलं?

सुथिन : मग?

लामदुआन : डॉक्टरने तुझ्या आईला बाजूला घेऊन सांगितलं ना, घरच्यांना बोलवून घ्या म्हणून? ती तिथेच मटकन खाली बसली. तुझी पोर तेव्हा रांगत होती, ती खाटेचा पाय धरून उभी राहिली. थोंगबायने ते पाहिलं. मला म्हणाला, ‘मला उठून बसव.’ बसवलं. खिडकीकडे तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाला, ‘पलीकडच्या खाटेवरच्याला उठवा. मी सायकलने बेतोंगपर्यंत येतो.’

रोकिया : या अल्ला.

लामदुआन : मी त्याला रागावले. म्हटलं, मागायचंच होतं तर स्वतःसाठी मागायचंस. तर म्हणे, ‘माझं डिझेल संपत आलंय, लामदुआन. देवाला जमेल तेच मागावं.’ चार दिवसांनी तुला लघवी झाली. तो इतका हसला, इतका हसला, की नर्स बघायला आली.

सुथिन : आणि मला... मला कोणी काही बोललं नाही.

लामदुआन : त्याने बजावलं होतं. म्हणाला, ‘पोराला सांगू नकोस. उपकाराखाली माणूस वाकून चालतो.’ तू घरी गेलास आणि हा तयारीला लागला. डायलिसिसवरून आला की अंगणात सायकल काढायचा. एकदा फाटकापर्यंत गेला. परत येताना मी आणि शेजारीण, दोघींनी धरून आणलं. शेवटी शेवटी नुसता सायकलकडे बघत बसायचा. म्हणायचा, ‘राहिलं बघ.’ ‘तू जा’ असं मला म्हणाला नाही. एकदाही नाही. मीच ठरवलं. त्याचं काही राहू द्यायचं नव्हतं मला.

सुथिन : आणि मी वाटभर बडबडतोय. ‘फुकटचा नवस, फुकटचा नवस...’ काकू, तुम्ही ऐकून कसं घेतलंत?

लामदुआन : तू त्याच्यावरच्या प्रेमानं चिडायचास. ऐकायला बरं वाटायचं. माझ्याशिवाय त्याच्यासाठी चिडणारं कोण उरलंय?

सुथिन : द्या सायकल. उरलेलं मी चालवतो.

लामदुआन : तू का?

सुथिन : माझ्यासाठी होता ना? मग मीच फेडणार!

लामदुआन : ज्याच्यासाठी मागितलं त्याने फेडायचं नसतं, बाळा. त्याने नीट जगायचं असतं. बोलला माझा नवरा, फेडणार त्याच्या घरचं माणूस. ऊठ आता. रोकियाबाई, चहाचे किती?

रोकिया : चहाचे! तोंडातून शब्द तरी कसा निघाला? आणि दादा, ती गाडीची चावी इकडे द्या.

सुथिन : चावी कशाला?

रोकिया : तुम्ही ताईंच्या बरोबर चाला. गाडी मी आणते. रबराने भरलेली गाडी रोज याच घाटातून नेते मी, तुमच्या या रिकाम्या डब्याचं काय! दुकान बघायला देव समर्थ आहे.

(चढावर. लामदुआन सायकलवर, सुथिन शेजारून पायी; मागून रोकिया पिकअप आणते आहे.)

सुथिन : पाठीला हात लावू का, काकू?

लामदुआन : लावायचा नाही.

सुथिन : नुसता जवळ धरतो. टेकवत नाही.

लामदुआन : धर जवळ. टेकवलास तर बघ.

सुथिन : दुखतंय का फार?

लामदुआन : दुखतंय. खूप दुखतंय. तू काहीतरी बोल, म्हणजे तिकडे लक्ष जाणार नाही.

सुथिन : काय बोलू? माझं डोकंच चालत नाहीये. पोरगी आता शाळेत जाते. चित्रं काढते. सगळ्या माणसांना सायकलवर बसवते, बुद्धाच्या मूर्तीलासुद्धा. मी विचारलं, हे काय गं? तर म्हणते, सायकलवालं माणूस चांगलं असतं. तुम्हाला बघूनच शिकली. काकू! डावीकडे खड्डा!

लामदुआन : दिसला. ओरडतोस काय, मी आता नवशिकी राहिले का?

रोकिया : थांबू नका ताई! थांबलात की पाय आखडतो! दादा, तुम्ही का धापा टाकताय? सायकल त्या चालवतायत!

सुथिन : मावशी, तुम्ही रस्त्याकडे बघा!

लामदुआन : सुथिन, मला दिसेनासं झालंय. घाम डोळ्यांत जातोय. किती राहिलं?

सुथिन : तो विजेचा खांब. त्याच्या पुढे चढ नाही. एवढंच, काकू. आणखी एक पाय. आणखी एक. अहो, काय बाई आहात तुम्ही! काय बाई आहात! आलं... आलं... झालं! उतार लागला!

रोकिया : बसा दादा गाडीत, बसा लवकर! आता त्या तुमच्या हाती लागायच्या नाहीत!

सुथिन : सावकाश, काकू! ब्रेक! ब्रेक धरा!

लामदुआन : आज नाही धरत!

रोकिया : अगं बाई, बँड सुटला बघा! अख्खं गाव घड्याळाच्या चौकात उभं आहे.

सुथिन : काकू! काकू, थांबा आता. पोचलात. उतरा.

लामदुआन : पोचले? नक्की? याच्या पुढे काही नाही ना?

सुथिन : पुढे मलेशिया आहे. तिकडे जायचं असलं तर पासपोर्ट काढावा लागेल.

लामदुआन : मग धर सायकल. पाय टेकता येईना मला.

रोकिया : माझ्या खांद्यावर भार टाका, ताई. सोडा अंग. सोडा. ते तालुक्याचे साहेब हार घेऊन निघालेत बघा, हातात माइकसुद्धा आहे.

लामदुआन : त्यांना जरा थांबायला सांगता का? आधी हे मिटवायचं आहे.

रोकिया : साहेब! ओ साहेब! दोन मिनिटं दम धरा. बाईंचं देवाशी काम आहे, तुमचं नंतर.

लामदुआन : सुथिन, उदबत्त्या माझ्या पिशवीत आहेत. काढ. इथेच, उघड्यावर लावायच्या. आभाळाकडे बघून बोलला होता, आभाळाखालीच फेडायचा.

सुथिन : लावल्या. घ्या.

लामदुआन : मला श्वास पुरत नाहीये. तू बोल.

सुथिन : मी? मला नाही येत, काकू. आमच्याकडे आईच बोलते सगळं.

लामदुआन : त्यात काय यायचंय? कोणी बोलला, काय मागितलं, ते मिळालं की नाही. सांगायचं आणि नमस्कार करायचा. मोठ्यांदा सांग. तो लांब आहे.

सुथिन : माएसायच्या थोंगबायने नवस बोलला होता. तो त्याच्या बायकोने फेडला. सगळा रस्ता, स्वतःच्या पायांनी. शेवटचा चढसुद्धा. मी पाहिलंय, मी साक्षीला आहे. आणि मागितलं होतं ते...

लामदुआन : बोल ना.

सुथिन : काका, मी बरा आहे.