गोणपाटातली मोटरसायकल

पुण्याहून पाठवलेलं सामान सोडवायला शलाका झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात, कडेवरच्या लेकीला थोपटत रांगेत उभी होती. मागून मराठी ऐकू आलं तसे तिचे कान टवकारले. साठी ओलांडलेलं जोडपं होतं.

"मला गाडी दिसेपर्यंत खरं वाटायचं नाही. भूषण तिच्यावर बसूनच निघाला असेल."

"अगं इंदू, सकाळी ट्रेनमधूनच फोन केला ना त्यानं?"

"मला घोर नको म्हणून थाप मारली असेल. आपल्याजवळ झाशीला बदली मिळाली, तर शहाण्यासारखं ट्रेननं यावं की नाही? पुण्यापासून मोटरसायकल हाणत येणार म्हणे!"

"अंकल जी, देख लीजिए, यही बाइक है?" हमालानं गोणपाटात गुंडाळलेली गाडी ढकलत आणली.

"हीच हो, हीच! आरशाला मी बांधलेला काळा दोरा बघा. सुटले रे देवा!"

"आता तरी दोन घास जेवशील?"

"जेवते. पण मी हातापाया पडले तरी ऐकेना, तुमचं बरं ऐकलं?"

"म्हटलं, आरटीओच्या एनओसीशिवाय दुसऱ्या राज्यात शिरलास तर गाडी जप्त होते. पोराला जिवाची नाही, पण गाडीची भीती आहे."

"बाई गं! इतका कडक कायदा?"

"कुठला! जुना नंबर वर्षभर चालतो."

शलाकानं हसू दाबत लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"अहो! त्याला कळलं तर घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे की. घरी पोचूनच घेईल ना?"