वारेचं मडकं

(खालापूरजवळचं गाव, भर दुपार, पडवी. जयवंताची पाच महिन्यांची गरोदर सून, मुलगा रूपेशची बायको छाया, आत झोपली आहे. लेक नम्रता कर्जतच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते.)

जयवंता : हळू बोल गं. आत्ताच डोळा लागलाय तिचा. पुण्याचा रिपोट आला?

नम्रता : आला. झिकाच निघाला, डासांमुळे होतो तो.

जयवंता : म्हंजी पोराला...

नम्रता : बाळाला लागेलच असं नाही, आई. उद्या सोनोग्राफीत डोकं लहान तर राहिलं नाही ना, ते बघतील. मधे वार असते, नाळ जिला जोडलेली असते ती, ती सहसा अडवते.

जयवंता : सहसा.

नम्रता : ऐक तर. ती वारसुद्धा व्हायरसमुळेच नीट बनते. कोट्यवधी वर्षांपूर्वी, आपले पूर्वज उंदराएवढे होते तेव्हा, एक व्हायरस त्यांच्या अंगात शिरला तो कायमचाच. पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. तसल्याच एका व्हायरसच्या उरलेल्या तुकड्यानं आज वारेचा पापुद्रा सांधला जातो. नाहीतर बाळ पोटात टिकलंच नसतं.

जयवंता : चोरच राखणीला बसवलाय म्हण की.

नम्रता : तुला धीर यावा म्हणून सांगतेय.

जयवंता : मला तर जास्तच भ्या वाटतंय. आतल्यानं बाहेरच्याला वळखलं तर? कडी काढून दिली तर?

नम्रता : तसं नसतं गं. पण डास आले कुठून? टाकी झाकलेली, टायर मीच टाकून दिले. आई? न्हाणीकडे काय बघतेस?

जयवंता : न्हाणीमागं मडकं हाय.

नम्रता : कसलं?

जयवंता : बाळंतपण झालं की वार घालून पुरायचं. कुंभार म्हनला, आता मडकी करीत नाय, गणपतीच करतो. शेवटचं व्हतं, घेतलं. पोर यायच्या आधी घरात कसं ठेवायचं? म्हून मागं ठेवलं. पावसानं भरलं. सकाळी उपडं केलं तर नुस्त्या अळ्या. रूपेशला सांगू नको. त्याच्या बायकोला मीच...

नम्रता : डास सगळीकडे आहेत, आई. माझ्या कॉलेजाजवळ दहिवलीत पण आहेत.

जयवंता : तो जुना व्हायरस आला तवा समद्या जगल्या का गं?

नम्रता : कोण?

जयवंता : त्या उंदराएवढ्या आया.

नम्रता : नाही. बऱ्याच मेल्या असतील. पोटातली पोरंही गेली असतील. ज्या जगल्या, त्यांच्यापासून आपण झालो.

जयवंता : आन गेल्या त्यांचं?

नम्रता : दरवर्षी वर्गात शिकवते मी हे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

जयवंता : उद्या किती वाजता निघायचं?

नम्रता : नऊला. तू येणार?

जयवंता : येते. पर मी दाराभाईर थांबंन. डोकं नीट दिसलं तरच मला आत बोलव.