दवाखान्याच्या छताला टीव्ही

...नाही, तुम्हीच मला सांगा, दातांच्या दवाखान्यात छताला टीव्ही हवा कशाला? तुम्हाला सांगतो, माणूस खुर्चीत आडवा, जबडा सताड उघडा, तोंडात कापसाचे बोळे, अर्धा गाल इंजेक्शननं बधिर... आणि वर, अगदी नाकासमोर, निवडणुकीच्या बातम्या! डॉक्टर म्हणाला, "बघा काका, मन रमेल." रमेल? अहो, माझी बोबडी वळली होती, तीही इंजेक्शनच्या आधीच!

कारण काय, तर मी राहतो पुलापलीकडे. कामाला इकडे, चष्म्याच्या दुकानात. ज्या चष्म्यातून डॉक्टर माझी किडलेली दाढ बघत होता ना, त्याच्या काचा मीच घासलेल्या! पण मी राहतो कुठे, हे त्याला ठाऊक नाही, आणि निवडणूक लागल्यापासून ते सांगायची सोय राहिली आहे का? वर उमेदवार गरजत होता, "पलीकडच्यांनी तुमचं पाणी पळवलं! मला निवडून द्या, पूलच बंद करतो!" अहो, आमच्याकडे पाणी एक दिवसाआड! पळवलेलं ठेवलंय कुठे ते दाखवा तरी, मीच बादली घेऊन येतो! पण बोलणार कसं, तोंडात कापूस. डॉक्टर म्हणाला, "बंदच करायला पाहिजे पूल, काय काका?" आणि मी? मी मान डोलावली!

नाही डोलावणार तर काय करणार? दाढ काढण्याआधी म्हणे दात साफ करायचे, म्हणून त्याच्या हातात ते सूंऽऽ करणारं यंत्र, आणि माझा जबडा त्याच्या ताब्यात! वर निवेदक पेटलेला, "पलीकडचे गप्प का? आज गप्प का?" तो जितका ओरडेल तितका हा माझ्या गालावर रेलतोय. अरे, गप्प का म्हणजे? विचारलंत कधी आम्हाला? डॉक्टर म्हणतो, "घाबरलेत म्हणून गप्प आहेत, बरोबर ना काका?" आता हे मात्र शंभर टक्के खरं होतं हो. डोलावली मान.

आणि मग... देवा रे! पडद्यावर आमची गल्ली! आमची इमारत, आमची गॅलरी, आणि गॅलरीत आमची ही! चादर झटकतेय बिचारी! तिच्याभोवती लाल वर्तुळ आणि खाली पट्टी, "हे इशारे कोणाला?" अहो, कोणाला काय, धूळ झटकतेय ती! ती बाजाराला इकडेच येते, एकटी येते. उद्या कोणी ओळखलं, दगड भिरकावला, तर? एवढ्यात डॉक्टर यंत्र थांबवून म्हणतो, "या बाईकडे बघा, काका. चेहऱ्यावरूनच कळतं की नाही?" आता माणसानं उठावं की नाही? कापूस थुंकून म्हणावं की नाही, "अरे, बायको आहे ती माझी"?

मी मान डोलावली. लाज वाटली हो, फार वाटली. पण भीती तिच्याही पुढे पळत होती.

मग त्यानं चिमटा उचलला. डोळे टीव्हीत, हात माझ्या तोंडात, काहीतरी पुटपुटला, कडकन आवाज... संपलं! "वा काका! तुमच्याइतका समजूतदार पेशंट बघितला नाही!"

गालाला रुमाल लावून, तोंड लपवत पूल ओलांडला. घरी आलो तर गॅलरीचं दार बंद, पडदे ओढलेले. हिनंही बघितलं होतं. हळूच म्हणाली, "अहो, तिकडे कोणी काही बोललं का माझ्याबद्दल?" काय सांगणार? म्हटलं, "छे! कोण बोलतंय?"

"बरं, आ करा बघू."

आ केला. तिनं बॅटरी मारली आणि किंचाळलीच, "अहो, किडकी दाढ जागच्या जागी आहे की! शेजारची धडधाकट उपटली त्या मेल्यानं! काढायच्या आधी विचारलं नाही तुम्हाला?"

विचारलं ना! चांगलं दोनदा विचारलं, "हीच ना, काका?" ...पण तोवर मानेला सवय लागली होती हो!