कुणाच्या हातासाठी?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, या रुग्णालयाचे शस्त्रक्रियातज्ज्ञ डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी हा हारतुऱ्यांचा घाट घातला त्या आमच्या सिस्टर, आणि समोर बसलेल्या, ओढण्या नि पदर पुन्हापुन्हा सारखे करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. माझी सारी नोकरी वजनमापं तपासण्याच्या खात्यात झाली. दुकानदारांचे तराजू पकडण्यात हयात गेली, पण भाषणाचं माप काही मला कळत नाही. तेव्हा अध्यक्षांनी मध्येच थांबवलं तर मी मुळीच रुसणार नाही.

सिस्टर आज निवृत्त होताहेत. त्यांचं काम नेमकं काय, हे पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल. कर्करोगामुळे जिचा स्तन काढावा लागणार, तिला त्या जागी बसवायचं इम्प्लांट निवडायला मदत करायची. स्तन हा शब्द उच्चारताच मागच्या रांगेतले दोन काका छताकडे बघायला लागलेत. बघा, बघा, पंखे चांगले आहेत.

सिस्टरांची खोली लहानशी. टेबलावर कोमट पाण्याचं घमेलं, त्यात नमुने ठेवलेले, शेजारी स्वच्छ पंचा. गार वस्तू हातात आली की बाई दचकते, म्हणून कोमट पाणी. मग त्या डोळे मिटायला सांगायच्या, एकेक नमुना हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "मऊ हवंय ना? पण कुणाच्या हातासाठी?"

प्रश्न ऐकून राग यायचा. पण विचार करा. ऑपरेशननंतर तिथलं आपलं स्पर्शाचं भान बहुतेक जातंच. मग मऊ लागणार ते कुणाला?

माझ्या बहिणीलाही हाच प्रश्न विचारला. आम्ही जुळ्या. ती घटकाभर आधी जन्मली म्हणून थोरली, मी धाकटी, आणि घरात याच नावांनी वाढलो. तिचा नवरा बाहेर बाकावर कान टवकारून बसला होता. मला वाटलं, ही त्याचं नाव घेईल. थोरली म्हणाली, "आईच्या."

आमच्या आईची दृष्टी गेलेली. आवाज आम्हा दोघींचा एकच. ती आम्हाला मिठीत घेऊन बघते. थोरलीला आजाराची गोष्ट आईला कळू द्यायची नव्हती. डॉक्टरसाहेबांनी समजावलं होतं, की फार मऊ घेतलं तर पातळ कातडीखाली सुरकुत्या जाणवतील, जरा घट्ट असलेलं आकार धरून ठेवतं. पण थोरली हट्टाला पेटली. तिनं मला नमुन्याला बसवलं. एक हात माझ्या छातीवर, दुसरा घमेल्यात, डोळे मिटलेले. दोघींना इतकं हसू आलं की सिस्टरांनी शेवटी दरडावलं. मग तिनं एक निवडलं.

जखम भरली, ती आईला भेटायला गेली. आईनं कवटाळलं आणि म्हणाली, "थोरले, गार लागतेस गं. बाहेरून आलीस?"

मऊपणात काही चूक नव्हती. पण इम्प्लांट कातडीखाली जरा गारच राहतं, आणि आम्ही सगळ्यांनी ते कोमट पाण्यातून काढून पारखलं होतं. तेव्हापासून आईला आम्हा दोघींतला फरक कळायला लागला. जी गार लागते ती थोरली.

पुढे तो आजार हाडांत गेला आणि थोरली गेली. आईला सांगितलं, ती रडली. आईला हल्ली काही आठवत नाही, तेव्हा पुन्हा सांगावं लागलं, ती पुन्हा पहिल्यासारखीच रडली. मग आमचा दादा म्हणाला, आता बास. आम्ही सांगायचं सोडून दिलं. ती रोज विचारते, थोरली कधी येणार?

आणि गेल्या वर्षी माझ्यावर तीच पाळी आली. मैत्रिणींनो, मला मरणाची भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून एका गोष्टीची धास्ती होती. आईच्या मिठीत मी मीच लागायला हवी होते. तिची एक लेक गेलीच आहे, दुसरी तरी तिच्या हातात राहायला हवी.

मी सिस्टरांना म्हटलं, या खेपेला कोमट पाणी नको. त्यांनी ऐकलं. डोळे मिटले, एक हात स्वतःवर ठेवला, दुसऱ्यानं चाचपत गेले. सगळे नमुने गार होते, त्याला इलाज नव्हता, पण एकच माझ्यासारखा होता. डोळे उघडले तर सिस्टरांचा चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "ताई, थोरलींनी हाच घेतला होता. बदलायचा असेल तर आत्ताच बदला."

दुसरं काय होणार होतं? तिनं माप माझंच घेतलं होतं. मी बाकीचे पुन्हा हातात घेतले. ते कुणा परक्या बायकांचे वाटले. मी तोच घेतला.

घरी गेले. आईनं मिठी मारली, सोडेचना. म्हणाली, "आलीस होय गं थोरले. किती वाट पाहायला लावलीस." मग माझ्या खांद्यावरून दाराकडे तोंड करून म्हणाली, "आणि धाकटी कुठं राहिली?"

जन्मभर खोटी मापं पकडणारी मी, म्हणाले, "येतेय, आई."

तेव्हापासून मी घरात थोरली आहे. आई खूष आहे, जेवते, झोपते. संध्याकाळी ती धाकटीची वाट बघत दारात बसते आणि मी तिच्या शेजारी बसते. खरं सांगू? मला भीती वाटते. फोन वाजला की क्षणभर वाटतं, धाकटीचा असेल.

काल सिस्टरांनी मला विचारलं, मी तुम्हाला अडवायला हवं होतं का? सिस्टर, नाही. तुम्ही कुणाच्या हातासाठी एवढंच विचारलंत, आणि त्या हाताला त्याची हरवलेली लेक मिळाली. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल तर पोटात घाला. आणखी एकच विनंती. आई बाहेर व्हरांड्यात वहिनीजवळ बसली आहे. चहाच्या वेळी ती मला थोरली म्हणून हाक मारेल. तिला कुणी दुरुस्त करू नका. आणि तिनं विचारलंच, तर सांगा, धाकटी निघाली आहे.